घरात कोणी नाही

दुपारी पुरुष माणसं बाहेर असताना दारात कुणी हाक मारली, तर आमच्या वाडीत बाईनं दाराआडूनच सांगायचं, "घरात कोणी नाही." लग्न होऊन आले त्याच आठवड्यात सासूनं मला हे शिकवलं. सासू घरात असायची, मी असायचे, पुढं माझी मुलगीही असायची. तिघी घरात असताना आम्ही म्हणायचो, घरात कोणी नाही. त्यात काही खोटं आहे असं मला पुष्कळ वर्षं वाटलं नाही. आलेला माणूसही तसंच समजायचा आणि निघून जायचा.

माझं माहेर दौंडचं. वडील रेल्वेत गँगमन होते, रूळ ठोकत मैलोन् मैल चालायचे. चौथीला मी वर्गात दुसरी आले. पाचवीची शाळा लाइनीच्या पलीकडं होती. वडील म्हणाले, "रूळ ओलांडून पोरीनं जायचं न्हाई." ते स्वतः रोज रुळांत असायचे, काय काय बघितलेलं असायचं त्यांनी. मी हट्ट केला नाही. हट्ट करणं मला कधी जमलंच नाही. घरातल्या जुन्या कागदांवरचं मी वाचत राहिले, पुड्यांचे कागदसुद्धा, आणि सतराव्या वर्षी लग्न होऊन शिरूर तालुक्यात, घोडनदीच्या काठच्या या वाडीत आले.

वाडीत दोन आळ्या. वरची आणि खालची. दोन्ही आळ्यांचे पुढारी एकमेकांचे चुलतभाऊ, एकाच पणज्याचे. सोसायटी कधी वरच्यांची, कधी खालच्यांची. जन्मलेलं पोर सुद्धा वरचं किंवा खालचं असायचं. आम्ही वरचे, कारण नदीवरचं पाणी उपसायचं इंजिन वरच्यांचे पुढारी आप्पा यांचं होतं आणि ते चालवायचं काम माझ्या नवऱ्याकडं होतं. नवऱ्याला मी मालक म्हणते. मालकांचा त्या इंजिनावर जीव होता. पट्टा चढवताना, तेल घालताना ते त्याच्याशी बोलायचे, तेवढं माझ्याशी बोलत नसत. माणूस वाईट नव्हता.

वाडीत शाळा चौथीपर्यंत. पाचवीचा वर्ग मिळावा म्हणून मागणी जुनी होती. एका निवडणुकीच्या आधी वरच्यांनी आपल्या आळीत खोलीचं जोतं बांधलं. खालच्यांनी तालुक्याला जाऊन ते काम अडवलं. पुढच्या निवडणुकीला खालच्यांनी आपल्या आळीत जोतं बांधलं, ते वरच्यांनी अडवलं. अशी दोन जोती झाली. वरच्या जोत्यावर म्हशी बांधायचे, खालच्यावर बाया कुरडया वाळत घालायच्या. मुलगे पाचवीला ओढ्यापलीकडच्या गावाला चालत जायचे. वाटेत दोन्ही बाजूंनी ऊस. मुलींना कुणी पाठवत नसे.

माझी मुलगी त्या वर्षी चौथीत होती. मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षांतली ती. दुष्काळी कामावर मी खडी फोडायला जायचे तेव्हा ती पाटीत झोपलेली असायची. आता ती मोठ्यानं धडे वाचायची आणि पाढे म्हणताना उड्या मारायची. परीक्षा जवळ आली तशी मी तिच्या शाळेचे उरलेले दिवस मोजायला लागले. मालकांना मी एकदाच विचारलं, "दौंडला ठेवली तर? माझे वडील हायेत."

"आप्पा काय म्हनतील? त्यांची नात बी चौथीनंतर घरातच हाय. आपली पोरगी त्यांच्याहून शानी का?"

इंजिन आप्पांचं होतं.

त्याच उन्हाळ्याच्या तोंडी पंचायत समितीची निवडणूक लागली. बऱ्याच वर्षांनी लागली म्हणून दोन्ही आळ्या फार तापल्या होत्या. वरच्यांची निशाणी बैलगाडी, खालच्यांची कपबशी. आणि तिसरे एक उभे राहिले, ते टपालवाले मामा.

मामा शिरूरचे. आमच्या भागात त्यांनी सायकलवरून वर्षानुवर्षं टपाल वाटलं होतं आणि नुकतेच रिटायर झाले होते. लग्नानंतर वडिलांचं पहिलं कार्ड आलं ते त्यांनीच आणलं. मी दाराआडून म्हणाले होते, घरात कोणी नाही. ते म्हणाले, "पर कार्ड तुमच्या नावचं हाय. तुम्हीच घ्या." आणि त्यांनी माझं नाव मोठ्यानं वाचलं. वाडीत मला नावानं कुणीच हाक मारत नव्हतं. मी अमक्याची सून, तमक्याची बायको. आपलं नाव परक्या माणसाच्या तोंडून ऐकून मला इतकी लाज वाटली की मी हात दाराबाहेर काढला आणि कार्ड ओढून घेतलं. पुढं दर वेळी त्यांनी कार्ड माझ्याच हातात दिलं, सासूच्या नाही.

तर एके दुपारी दारात सायकल उभी राहिली.

"हायेत का मालक?"

"घरात कोणी न्हाई."

"ते कामावर असत्याल, ठाऊक हाय. त्यांचं मत त्यांच्यापाशी. मी तुमचं मागाय आलोय."

मी दाराची कडी धरून उभी. मामा उन्हातच उभं राहून बोलले. "माझ्याकडं जीप न्हाई, जेवणावळ न्हाई. निवडून येईन असं बी म्हनत न्हाई. इतकी वर्सं पत्रं वाटली, निम्म्या बायांना वाचून दावली. बाई पत्र हातात धरून रडती, आन् काय लिवलंय ते मला ठाऊक, तिला न्हाई. गायरानात, दोन्ही आळ्यांच्या मधी, सातवीपतुर वर्ग मागनार. एवढंच. शिडी हाय माझी निशाणी. तुमची पोरगी कितवीला?"

"चौथी."

"मग तर औंदाच पायजे." आणि सायकलचा स्टँड काढून ते पुढच्या दाराला गेले.

सासूनं परसातून विचारलं, "कोण व्हतं गं? पत्र आलं व्हय?"

"न्हाई. टपालवाले मामा. मत मागाय आलते."

"माझ्या लेकाचं?"

"माझं."

सासू खुदकन हसली. मग हसायची थांबली आणि म्हणाली, "लगीन झाल्यापास्नं माझ्याकडं कुणी आलं न्हाई बाई."

लोक म्हणतात, जो निवडून यायचा नाही त्याला मत देणं म्हणजे ते वाया घालवणं. मालकही म्हणायचे, आप्पाही म्हणायचे. पण मामा निवडून येतील असं मला एक क्षणही वाटलं नव्हतं. दोन्ही आळ्यांकडं मोठी माणसं होती, ट्रॅक्टर होते. मला ओढ लागली ती दुसऱ्याच गोष्टीची. वरचे आणि खालचे भांडायचे, पण दोघंही मत मागायचे ते घराचं. घराला चार मतं, घराला तीन मतं, असं पोती मोजल्यासारखं बोलायचे. या माणसानं तीन नाही, एक मागितलं होतं, आणि ते माझ्याकडं.

दोन दिवसांनी आप्पांनी मला बोलावणं धाडलं. मी पदर डोळ्यांपर्यंत ओढून त्यांच्या पडवीत उभी राहिले.

"सूनबाई, तू शिकलेली हायेस. मागल्या टायमाला आपल्या बायांनी घोळ घातला. कुणी दोन्हीकडं शिक्का मारला, कुणी घडी घालून कमरंला खवसून घरी आनला कागद. औंदा तू शिकवायचं. रोज दुपारी, हितं पडवीत."

मी मान हलवली. नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

घरी मुलीच्या वहीचे मागचे कोरे कागद फाडले. शिक्का कुठून आणायचा? परसात भेंडी होती. भेंडी आडवी कापली की चांदणीसारखा छाप उठतो. वाटीत नीळ कालवली. कागदावर तीन चौकोन आखले आणि तीन निशाण्या काढल्या. आप्पा येऊन बघून गेले.

"ही बाकीची दोन कशाला? निस्ती बैलगाडी काढ."

लग्नाला अकरा-बारा वर्षं झाली होती, आप्पांशी मी कधी पुरतं वाक्य बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "खऱ्या कागदावर तिन्ही असत्यात. आधी बघितलेलं नसलं तर बाया तिथं गांगरतील."

ते जरा थांबले. मग म्हणाले, "चौथी शिकली, पर डोकं हाय. काढ तिन्ही."

मी हे मुद्दाम केलं का, हे मला आजही नीट सांगता येत नाही. बोलले ते खरंच होतं.

आठ दिवस बाया आल्या. बैलगाडी काढायला अवघड. माझे बैल बघून सगळ्या फिदीफिदी हसायच्या. "ह्या बैलाला शेळीचं तोंड लावलंय गं. दूध बी देत असंल." कपबशी बरी जमायची. शिडी सगळ्यात सोपी, दोन रेघा उभ्या, पाच आडव्या. ती दर वेळी सरळ आणि ठसठशीत यायची.

बौद्धवस्तीवरची एक बाई होती, माझ्याच वयाची, आप्पांच्या मळ्यात खुरपायला जायची. दुष्काळात आम्ही शेजारी बसून खडी फोडली होती. एका तांब्यातलं पाणी प्यायचो. आप्पांच्या घरी मात्र ती पडवीत येत नसे, खाली अंगणात बसायची, मी कागद घेऊन तिच्यापर्यंत जायचे. तिनं भेंडी निळीत बुडवली आणि मला विचारलं, "कुठं मारू?"

"बैलगाडीवर."

"ते ठाऊक हाय. पर हात बसायचा तर तिन्हीवर बसाय पायजे." आणि तिनं तिन्हीवर एकेक छाप उठवला. मग बाकीच्याही तसंच करायला लागल्या. एकजण म्हणाली, "बैलगाडीतनं जायाचं, कपबशीतला च्या प्यायचा, आन् शिडीवरनं पडायचं!" सगळ्या लोळून हसल्या. मीही हसले. त्या पडवीत बाया इतक्या मोठ्यानं हसलेल्या मी पुन्हा ऐकल्या नाहीत.

"शिडी कुणाची म्हनं?" एका म्हातारीनं विचारलं.

"टपालवाल्या मामांची."

"त्यो व्हय? त्यानं माझ्या लेकाचं पत्र दोनदा वाचून दावलं व्हतं. बर्फात पहारा करतोय म्हनून लिवलं व्हतं पोरानं. मी म्हनलं, बर्फ कसा असतो? तर सायकल लावून बसला आन् सांगत राह्यला."

शिडीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. मीही नाही. फक्त रोज शिडी काढत होते.

मतदानाच्या आदल्या रविवारी आप्पांनी वरच्या आळीतल्या कर्त्या पुरुषांना खंडोबाच्या देवळात बोलावलं. ताटात बेलाची पानं आणि भंडारा. एकेकानं भंडारा उचलायचा आणि म्हणायचं, माझ्या घरची मतं बैलगाडीला. बौद्धवस्तीवरच्या पुरुषांकडून नुसता शब्द घेतला. बायांना कुणी बोलावलं नाही. कर्त्यानं उचलला की सगळं घर बांधलं गेलं, असंच सगळे धरून चालत होते.

मालक घरी आले ते पिवळ्या बोटांनी. हात न धुताच जेवायला बसले. भाकरीलाही पिवळं लागलं.

"आपल्या घरची तिन्ही मतं दिली," ते म्हणाले. "भंडारा उचललाय. त्याच्याशी खेळ न्हाई."

मला म्हणायचं होतं, माझं कसं दिलं? मी आमटी वाढली.

शिवाय एक गोष्ट सगळ्यांना माहीत होती. वाडीचं मतदान वाडीच्याच शाळेत, पेटी एकच, आणि शिरूरला मोजताना ती वेगळी उघडायची. कुठल्या निशाणीला वाडीतून किती पडली हे दोन्ही आळ्यांना त्याच दिवशी कळायचं. आप्पा हसत हसत सांगायचे, "एक मत हललं तरी मला दिसतंय."

मतदानाच्या दिवशी शाळा दोनशे पावलांवर असताना आम्हाला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवलं आणि सगळ्या वाडीला फेरी मारून नेलं. सासू माझ्यापुढं होती. तिचं झालं, मग मी आत गेले. पुठ्ठ्याच्या आडोशामागं उभी राहिले आणि कागद उघडला. छापलेली शिडी माझ्या शिडीहून लहान होती, पण अगदी सरळ. हातात खरा शिक्का. माझ्यावर कुणाचीही नजर नव्हती. लग्नानंतर असं मी पहिल्यांदाच उभी होते.

आणि मला मालकांच्या नखांतला भंडारा दिसला. दोन दिवस घासूनही गेला नव्हता. नदीच्या वरच्या अंगाला एका इंजिनवाल्याचा हात पट्ट्यात गेला होता, तो मी डोळ्यांनी बघितला होता, कोपरापासून नव्हता. शपथ त्यांनी घेतली होती. मी मोडली तर ती त्यांना लागणार, असं माझ्या मनानं घेतलं. पट्टा फिरताना दिसला, त्यात तो पिवळा हात. बाहेरून कुणीतरी म्हणालं, "बाई, आटपा."

मी शिक्का बैलगाडीवर मारला.

छाप स्वच्छ उठला. बायांना शिकवली तशीच घडी घातली, शाई दुसरीकडं लागू नये म्हणून उभी. पेटीत टाकला. बाहेर रांगेत ती खडी फोडणारी मैत्रीण उभी होती. माझ्याकडं बघून ती डोळ्यांनीच हसली, जसं काही दोघींना एकच गोष्ट ठाऊक आहे. मी खाली मान घालून ट्रॉलीत जाऊन बसले.

मोजणी झाली. आप्पांचा माणूस नऊ मतांनी पडला, कपबशी निवडून आली. आणि आमच्या वाडीच्या पेटीत शिडीला चौदा मतं निघाली, वरच्या आळीच्या हिशेबात बैलगाडीची नेमकी चौदा कमी भरली.

मग जे झालं ते फक्त आमच्याच वाडीत होऊ शकतं. आप्पांनी सगळ्या पुरुषांना पुन्हा देवळात बोलावलं आणि एकेकाला विचारलं. प्रत्येकानं पुन्हा भंडारा उचलून सांगितलं की मी बैलगाडीलाच दिलं. आणि ते सगळे खरं बोलत होते. तरी चौदा होतीच. आठ दिवस एकमेकांवर संशय, शिव्या, एकदा तर काठ्या निघाल्या. सख्खे भाऊ बोलेनासे झाले. मालक दोनदा जाऊन शपथ घेऊन आले. या आठ दिवसांत बायांना विचारावं असं कुणालाच सुचलं नाही. आम्ही भाकऱ्या थापत होतो आणि ऐकत होतो.

नवव्या दिवशी दुपारी आप्पा आमच्या दारात आले, बरोबर दोन माणसं.

"हाय का कोण?"

सासू परसात शेंगा फोडत होती. मुलगी उंबऱ्याच्या आत बसून पाटीवर काहीतरी काढत होती. तिनं माझ्याकडं बघितलं. मी बोलायच्या आतच आप्पा म्हणाले, "असू दे, तुझ्याकडंच काम हाय. शिकवताना बौद्धवस्तीवरची ती, खुरपायला येती ती, शिडीवर शिक्का मारत व्हती म्हनं. खरं का?"

मी दाराआड कडी घट्ट धरली.

"त्या वस्तीनंच घात केला. त्यांनी भंडारा कुठं उचललाय? उद्यापास्नं त्यातलं एक बी माणूस माझ्या मळ्यात येनार न्हाई, माझ्या हिरीला बी न्हाई. तू निस्तं व्हय म्हन, म्हंजी चारचौघांत सांगता येतंय. तू शिकलेली, तुझं लोक ऐकत्याल."

माझी वही, माझी भेंडी, माझी निळी वाटी. आणि त्या बाईनं मला दुष्काळात अर्धी भाकरी दिलेली. मला आठवतं, मी कडी सोडली आणि उंबऱ्याबाहेर आले. पदर होता तेवढाच राहिला.

"शिडीला मी दिलं," मी म्हणाले.

"कोण?"

"मी. माझं मत."

आप्पा बघतच राहिले. त्यांच्याबरोबरचा एकजण हसला, मग त्याचं हसू गेलं.

"आन् बाकीची तेरा?"

"ते मला ठाऊक न्हाई. तिन्हीवर मारून बघायला मीच लावलं. कुणा एकीला न्हाई, समद्यांना."

"तुझ्या नवऱ्यानं भंडारा उचललाय!"

"त्यांनी उचलला, त्यांनी बैलगाडीला दिलं. माझ्याकडं मागाय तुम्ही आला न्हाईत आप्पा."

हे शेवटचं वाक्य माझ्या तोंडून कसं गेलं कोण जाणे. आप्पा वळले. कुंपणापाशी थांबून म्हणाले, "किल्ली धाडून दे इंजिनाची."

ते गेल्यावर सासू पदरात शेंगा घेऊन आली आणि माझ्याशेजारी बसली. शेंगा फोडता फोडता हळूच म्हणाली, "तुझं एक, माझं एक. मग बाकीची बारा कुणाची गं?"

मी तिच्याकडं बघितलं.

"काय बघतीस? रोज बसून बसून काढायचीस ती शिडी. मला वाटलं, पोरीला पायजे असंल." तिनं दाणे सुपात टाकले. "माझा हात कुठं लागलाय भंडाऱ्याला? त्याचा लागलाय."

इतकं सोपं होतं ते. त्या म्हातारीला जे कळलं ते मला चौथी शिकून त्या पुठ्ठ्यामागं कळलं नव्हतं. तिला सांगावं असं फार वाटलं की आत्याबाई, माझं नव्हतं त्यात. तिचा चेहरा इतका खुललेला होता की मी सांगितलं नाही.

त्या वस्तीचं काम आप्पांनी पुरतं बंद केलं नाही. कांदा काढायला आलेला, माणसं हवी होती. राग आमच्या घरावर आला. मालक मला मारतील असं सगळ्यांना वाटलं होतं. त्यांनी हात उचलला नाही. ते वरच्या जोत्यावर म्हशींच्या शेजारी दिवसभर बसून राहिले आणि घरी येऊन एवढंच म्हणाले, "मी भंडारा उचलला व्हता गं." पुढं कितीतरी दिवस, ठेच लागली, ताप आला, विळा लागला की ते आपल्या हाताकडं बघायचे.

मी एका वाक्यात त्यांना मोकळं करू शकत होते. तुमची शपथ मी मोडली नाही, माझा शिक्का बैलगाडीवर आहे. पण ते ऐकून त्यांनी तसेच आप्पांकडं धाव घेतली असती. इंजिन परत मिळालं असतं, आणि आप्पांनी पुन्हा वस्तीकडं मोर्चा वळवला असता. शिवाय त्या चौदांत सासूचं मतही होतं, तेही उघडं पडलं असतं. म्हणून मी गप्प राहिले. खोटं एकदाच बोलले होते, पण गप्प रोज राहावं लागत होतं.

मालक शिरूरच्या बाजारात हमालीला जायला लागले. जूनच्या पहिल्या आठवड्यात एकदा जेवताना म्हणाले, "पोरगीला दौंडला न्यायची तर ने. आता कुणाला विचारायचं राह्यलंय?"

पत्र्याची पेटी, दोन परकर, पाटी. शिरूरच्या स्टँडवर आम्ही गाडीची वाट बघत होतो तेव्हा टपालवाले मामा सायकल हातात धरून आले. त्यांनी मला नमस्कार केला, मला, आणि म्हणाले, "सपशेल पडलो आपन. पर तुमच्या वाडीत चौदा मिळाली, आन् त्यातलं एक कुणाचं ते समदीकडं झालंय. पोरगी कुठं?"

"दौंडला. पाचवीला."

"मग झालं की."

मी पत्र्याची पेटी उचलली. गाडी आली, आम्ही चढलो. खिडकीतून ते हात हलवत होते. मुलीनं विचारलं, "आई, ह्ये तुला नमस्कार का गं करत व्हते?" मी तिला गाडीतून घोडनदी दाखवली.

पाचवीची शाळा अजून लाइनीपलीकडंच होती. माझे वडील तोपर्यंत रिटायर झाले होते. ज्यांनी मला रूळ ओलांडू दिला नव्हता, ते आता नातीचा हात धरून रोज तिला पलीकडं सोडायला लागले, आणि सुटायच्या वेळी पुन्हा फाटकापाशी उभे राहायला लागले. मी तिला तिथं सोडून दुसऱ्या दिवशी वाडीला परत आले. घर फार शांत झालं होतं.

श्रावणात तिचं पहिलं कार्ड आलं. नवीन टपालवाला होता, त्यानं दारातून विचारलं, "हाय का कोण घरात?" मी बाहेर जाऊन घेतलं. कार्डावर माझं नाव तिच्या अक्षरात होतं, थोडं तिरकं.

संध्याकाळी मालक आल्यावर मी ते वाचून दाखवलं. आजोबा रोज सोडायला येतात. भूगोल आवडतो. इंग्रजीचं पुस्तक मिळालं. मालक भिंतीला टेकून ऐकत होते. आजीला नमस्कार, दादांना, म्हणजे मालकांना नमस्कार, असं आलं तेव्हा त्यांनी दोन्ही हातांची बोटं उघडून बघितली.

"एक विचारू?" ते म्हणाले. "खरंच शिडीवर मारलास व्हय?"

चुलीपाशी सासू भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

मी कार्ड पुन्हा वरपासून वाचायला घेतलं.